आधी हत्यारे, मग बांधणी

जळगाव-धुळ्याकडे कापूस भरपूर पिकतो; पण जिनिंगमध्ये सरकी वेगळी केल्याखेरीज त्याचे सूत काढता येत नाही. मुक्त आज्ञावलीचेही तसेच आहे. तिची मूळ संहिता माणसाला वाचता येते. संगणकाला मात्र शून्य आणि एक एवढेच कळते. हे भाषांतर कंपायलर करतो. म्हणून उबुंटूवर आधी ‘बिल्ड-इसेन्शियल’ हा संच बसवावा. त्यात ‘जीसीसी’ हा १९८७ साली प्रथम आलेला कंपायलर असतो. शिवाय कोणत्या फाइली पुन्हा भाषांतरित करायच्या हे ठरवणारा ‘मेक’ही असतो; मूळ ‘मेक’ १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिला होता. संच नसेल तर ‘कमांड नॉट फाउंड’ असा संदेश येतो. विद्यार्थी मित्रांनो, अशा वेळी आज्ञावलीला किंवा स्वतःला दोष देऊ नका. संदेशात कोणत्या हत्याराचे नाव आहे ते वाचा आणि ते आधी बसवा.