गोटी सोड्याची आठवण

मंडळी, वैशाख लागला की आपल्या वर्ध्याकडचे ऊन कसे असते हे तुम्हांला सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशा दिवसांत चारचौघे निंबाच्या सावलीला बसले की बोलणे हटकून पिण्याच्या वस्तूंवर येते. एखादा म्हातारा म्हणतो, "गोटीच्या सोड्याची मजा आता राहिली नाही बाप्पा!" त्याच्या मुलाला गोल्ड स्पॉट आठवतो, सुनेला रसनाचा केशरी ग्लास आठवतो. आता पाहा, ज्या वस्तूत पाणी, साखर, रंग आणि वायू यांखेरीज फारसे काही नव्हते, तिची आठवण माणसे इतक्या मायेने का काढतात? प्रश्न वरवर पोरकट वाटतो. पण त्याच्या मुळाशी गेले तर बाजाराचा, कायद्याचा, जाहिरातीचा आणि गावातल्या रीतिभातीचा बराच इतिहास हाती लागतो.

सुरुवात बाटलीपासूनच करू. पाण्यात वायू मुरवण्याची युक्ती इंग्लंडातल्या जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाला १७६७ साली लीड्स गावी साधली. शेजारच्या मद्याच्या कारखान्यात आंबणाऱ्या पिंपांवर एक जड वायू साचतो हे त्याने पाहिले, आणि तो पाण्यात मिसळून पाहिला. हाच कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. पुढे १७८३ मध्ये जिनिव्हा शहरी याकोब श्वेप्पे याने अशा पाण्याचा धंदा उभा केला. पण एक अडचण होती. वायू बाटलीत कोंडून ठेवायचा कसा? साधे बूच दाबाने उडून जाई किंवा वाळून गळू लागे.

या अडचणीवर हायरम कॉड या इंग्रज इंजिनिअरने १८७२ मध्ये जी तोड काढली ती आपली गोटीची बाटली. शिक्षक बंधुभगिनींनो, ही बाटली मिळाली तर वर्गात अवश्य न्या; पदार्थविज्ञानाचा एक धडाच तिच्या गळ्यात अडकलेला आहे. बाटलीच्या तोंडाशी आतून रबराचे कडे असते आणि गळ्यात काचेची गोटी मोकळी असते. बाटली उलटी धरून भरतात. भरून झाली की गोटी आपल्या वजनाने खाली येऊन कड्यावर बसते, आणि मग आतला वायूच तिला कड्यावर घट्ट दाबून धरतो. ज्या वायूला पळून जायचे आहे तोच स्वतःच्या हाताने दार लावून घेतो! दुकानदार लाकडी दट्ट्या तोंडावर ठेवून तळहाताने मारतो, गोटी आत जाते आणि तो प्रसिद्ध आवाज होतो. ओतताना गोटी पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून गळ्याला दोन खळगे पाडलेले असतात. ते कशासाठी असतात हे मुलांना आधी विचारा, मग दाखवा.

गार बाटली शांतपणे उघडते आणि उन्हात तापलेली अंगावर उडते, याचेही कारण सोपे आहे. गार पाण्यात वायू जास्त मुरतो, पाणी तापले की तो बाहेर पडायला धडपडतो.

हा सोडा आपल्या भाषेतसुद्धा शिरला. जाड भिंगांच्या चष्म्याला आपण 'सोडावॉटर चष्मा' म्हणतो. भाषेत वस्तू शिरली म्हणजे ती घरची झाली असे समजावे.

महाराष्ट्रात या धंद्याची मुळे पारशी आणि इराणी कुटुंबांनी रुजवली. मुंबईत पालनजींचे दुकान १८६५ चे, त्यांची रासबेरी आजही पारशी लग्नात लागते. पुण्याच्या कॅम्पात अर्देशीर यांनी १८८४ मध्ये काम सुरू केले. दिनशा पांडोळे यांची ड्यूक कंपनी १८८९ ची. तिचा मँगोला घरोघरी माहीत झाला. या मोठ्या नावांच्या मागे लहान नावे कितीतरी होती. तालुक्याच्या गावी एखादी सोडा फॅक्टरी असे. फॅक्टरी म्हणजे काय, तर एक खोली, एक वायूची नळकांडी आणि हाताने फिरवायचा लोखंडी पिंजरा. त्यात बाटल्या अडकवून चाक फिरवले की माल तयार. तो सायकलवर किंवा बंडीवर लादून आठवडी बाजारात जायचा, गिरडच्या जत्रेत जायचा, आणि रिकाम्या बाटल्या घेऊन परत यायचा. बाटली परत दिल्याशिवाय गिऱ्हाइकाला हलता येत नसे. म्हणून तो दुकानासमोर उभा राही, चार शब्द बोले, पावसापाण्याची आणि कापसाच्या भावाची विचारपूस करी. माझ्या मते आठवणीचा अर्धा गोडवा या उभे राहण्यात आहे. साखरेचा वाटा त्यामानाने थोडा.

मग पत्र्याचे बिल्ले आले. दातेरी बुचाचा हा शोध अमेरिकेतल्या विल्यम पेंटर यांचा, १८९२ चा. एखाद्या बुचाचे दात मोजा, २१ भरतील. या बुचाने गोटीच्या बाटलीला हळूहळू मागे सारले, कारण ते यंत्राने भराभर लावता येते आणि बाटली धुवायलाही सोपी जाते. स्वच्छतेच्या दृष्टीने ही सुधारणाच होती, हे कबूल केले पाहिजे. जुन्या सोड्याचे पाणी कुठल्या विहिरीचे, हे कोणी विचारत नसे.

आता जाहिरातीकडे वळू. आकाशवाणीवर पुष्कळ वर्षे जाहिरात नव्हती. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे गृहस्थ १९५२ पासून दहा वर्षे नभोवाणी खात्याचे मंत्री होते. सिनेमाचे संगीत त्यांना रुचत नसे, आणि त्यांच्या काळात ते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाले. लोकांनी काय केले? त्यांनी काटा फिरवून सिलोन लावले. तिथे १९५२ च्या डिसेंबरात अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती, आणि ती एका दंतमंजनाच्या नावावर चालत होती. गाण्यांसाठी लोकांनी जाहिरात ऐकली आणि जाहिरातीची सवय लागली. १९५७ मध्ये आपली विविध भारती आली. १९६७ च्या नोव्हेंबरात तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. त्या पहिल्याने कुठे सुरू झाल्या ठाऊक आहे? मुंबई, पुणे आणि आपले नागपूर या केंद्रांवर. म्हणजे जाहिरातीची गाणी ऐकणाऱ्या पहिल्या खेड्यांत आपली खेडी होती.

सोबत रंगवलेल्या भिंती होत्या, टूरिंग टॉकीजच्या तंबूत मध्यंतरात दिसणाऱ्या काचेच्या पाट्या होत्या, दुकानाबाहेरचे पत्रे होते. पुढे दूरदर्शन आले आणि १९८० च्या दशकात रसनाच्या जाहिरातीतली लहान मुलगी घरात येऊन बसली. एका पुड्यात ३२ ग्लास, असा त्यांचा हिशेब होता. खेड्यातल्या संसाराला हा हिशेब पटला. बाटली एकट्याची असते, पुडा साऱ्या घराचा. ज्यांच्या घरी बर्फ नव्हता त्यांनी माठाच्या पाण्यात रसना केले.

गोल्ड स्पॉटची गोष्ट तर विचार करण्याजोगी आहे. मुंबईच्या पार्ले कंपनीचे हे संत्र्याच्या चवीचे पेय. आपल्या जिल्ह्यात कारंजा, आष्टी, आर्वीकडे संत्र्याच्या बागा आहेत. पलीकडे नागपूर तर संत्र्यांचेच. पण त्या बाटलीत स्वाद कृत्रिम आणि रंगही कृत्रिम होता. संत्र्याच्या मुलखातल्या पोरांनी संत्र्याची चव म्हणून ती चव लक्षात ठेवली! अशा पेयांत स्वादाचे तेल वर तरंगू नये म्हणून ब्रोमिन मिसळलेले वनस्पती तेल घालीत. ते जड असल्यामुळे स्वादाचे तेल पाण्यात सारखे पसरून राही आणि पेय खऱ्या रसासारखे गढूळ दिसे. आरोग्याच्या कारणावरून १९९० मध्ये आपल्याकडे त्यावर बंदी आली. आपल्या बागाइतदाराचे संत्रे भाव नसल्याने झाडाखाली पडावे आणि त्याच्याच मुलाने संत्र्याची नक्कल पैसे देऊन प्यावी, यात जाहिरातीची ताकदही दिसते आणि आपली गफलतही दिसते.

आठवणी कोणत्या वर्षांच्या असाव्यात हेदेखील पुष्कळदा कायदा ठरवतो. कोका कोला आपल्याकडे १९५० मध्ये आले. १९७३ च्या परकीय चलन कायद्याने परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणणे भाग पडले. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले, त्यांनी कायद्याचा आग्रह धरला आणि १९७७ मध्ये ती कंपनी देश सोडून गेली. रिकाम्या जागेत पार्लेचे थम्स अप आले, प्युअर ड्रिंक्सचे कॅम्पा कोला आले. सरकारच्या मॉडर्न कंपनीने 'डबल सेव्हन' काढले. नावात ते ७७ साल होते, पण ते फार टिकले नाही. १९९० मध्ये पेप्सी आली आणि १९९३ मध्ये कोका कोला परतले. त्याच साली पार्लेने आपली थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही नावे त्यांनाच विकली. थम्स अप टिकले. गोल्ड स्पॉट पुढे बंद झाले, त्याच्या जागी फँटा आले. आज जे चाळिशी-पन्नाशीत आहेत त्यांचे बालपण या सोळा वर्षांत गेले. माझीही पिढी तीच. आमची हळहळ खरी आहे, पण तिच्या दोन्ही टोकांना दिल्लीतल्या निर्णयांच्या तारखा आहेत.

आणि बाजार हुशार असतो. त्याने आमची हळहळ हेरली. कॅम्पाचे नाव रिलायन्सने २०२२ मध्ये घेतले आणि २०२३ मध्ये ते पेय पुन्हा दुकानात आले. गोटीचा सोडाही शहरांत नव्या थाटात मिळतो. ही विक्री पेयापेक्षा आठवणीची जास्त आहे.

असे आपल्याकडेच होते असे नाही. दूर स्वीडन देशात 'युलमुस्त' नावाचे काळसर गोड पेय आहे. १९१० साली एरेब्रू शहराच्या रॉबर्ट्स घराण्याने ते तयार केले. वर्षभर तिथे कोला खपतो, पण नाताळ आला की लोक युलमुस्तकडे वळतात आणि कोलाचा खप उतरतो. एवढ्या बलाढ्य कंपनीपुढे ते का टिकले? कारण ते सणाच्या ताटाशी बांधले गेले. आपल्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचे पन्हे आणि आंब्याची डाळ असते. तिथे बाटली कोणी ठेवत नाही. जे सणात राहिले ते जाहिरातीवाचून राहते.

आपल्या वर्ध्याला तर या बाबतीत वेगळाच वारसा आहे. १९३४ च्या डिसेंबरात इथे मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले, जे. सी. कुमारप्पा त्याचे आधारस्तंभ. ताडगूळ आणि नीरा हे त्या कामाचे एक अंग होते. नीरा म्हणजे शिंदीचा किंवा ताडाचा ताजा रस. तो सूर्य वर येण्याआधी उतरवावा लागतो, मडक्याला आतून चुना लावावा लागतो, कारण ऊन चढले की तो आंबू लागतो. आता यातली खोच पाहा. जे टिकत नाही ते लांब जात नाही. जे लांब जात नाही त्याची जाहिरात कोण करणार? म्हणून नीरेचे पोस्टर कुणाच्या आठवणीत नाही. बाटलीतल्या पेयाला प्रसिद्धी मिळाली ती चवीमुळे कमी, टिकाऊपणामुळे अधिक.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. जुन्या दिवसांचे गोडवे गाताना, ते दिवस कोणासाठी गोड होते हे विचारावे. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य आले. मग ज्यांना विहिरीला हात लावू देत नव्हते त्यांची काय कथा! हॉटेलांत दलितांसाठी वेगळी कपबशी असे. आपल्या वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्ये लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांना खुले केले. पण दुकानातला आणि हॉटेलातला भेद देशभर कायद्याने गुन्हा ठरायला १९५५ साल उजाडावे लागले. गावातल्या बायाही दुकानासमोर उभ्या राहून सोडा पीत नसत. तेव्हा 'पूर्वी सगळे एकत्र पीत होतो' असे म्हणण्याआधी त्या घोळक्यात कोण नव्हते, तेही आठवावे.

मग परत आणण्यासारखे काय आहे? मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, बाटली परत करण्याची रीत. आज प्लास्टिकची बाटली एकदा पिऊन नाल्यात आणि धुऱ्यावर पडते, तिचा वाली कोणी नाही. काचेच्या बाटलीवर ठेवीचे पैसे असत, म्हणून ती रस्त्यावर दिसत नसे. दुसरी, जवळच्या फळाचा जवळच वापर. लग्नात, ग्रामसभेत, शाळेच्या कार्यक्रमात पन्हे, मठ्ठा, संत्र्याचा खरा रस ठेवायला कोणाची आडकाठी आहे?

शिक्षकांसाठी एक काम सुचवतो. मगनवाडीत १९३८ पासून मगन संग्रहालय आहे; मुलांना एकदा तिथे न्या. मग शाळेत एक कपाट रिकामे करा. मुलांनी घरून जुनी बाटली, बिल्ला, डबा, भिंतीवरच्या जाहिरातीचा फोटो आणावा. शेजारी चिठ्ठी लावावी की ही वस्तू कोणाची, कुठे मिळे, किती पैशाला, आणि ती कोणाला परवडत नव्हती. आजी-आजोबांना विचारल्याशिवाय ही चिठ्ठी लिहिता येणार नाही. तालुक्याच्या सोडा फॅक्टऱ्यांची नावे पुस्तकांत सापडत नाहीत, ती माणसांच्या तोंडी आहेत. हा उन्हाळा संपायच्या आत तेवढी तरी लिहून घ्या.