‘नो मोअर बेट्स’ म्हटल्यावर हात मागे का घ्यायचा?

गोव्याची ट्रिप ठरली की ग्रुपमधल्या कोणाला तरी मांडवीवरच्या कॅसिनोत जायचंच असतं. मग ज्याने ‘स्टॅटिस्टिक्स वगैरे’ केलंय त्याला विचारलं जातं, रूलेटमध्ये काय लावायचं? काय लावायचं याला माझं उत्तर फार छोटं आहे, ते पुढे येईलच. कसं आणि केव्हा लावायचं, हा प्रश्न मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो. त्या टेबलावरचे नियम वरवर शिष्टाचारासारखे दिसतात, पण त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मागे एकच भीती आहे: बॉल कुठे पडणार याची माहिती असलेल्या माणसाचा पैसा टेबलावर येऊ नये. आणि ही भीती खोटी नाही. माझा विषय नॉनलिनियर डायनॅमिक्स असल्यामुळे हे मला जरा जवळचं आहे.

(गोव्याच्या रहिवाशांना फेब्रुवारी २०२० पासून जुगाराच्या भागात प्रवेशच नाही. त्यांनी हा लेख नुसता फिजिक्ससाठी वाचावा. महाराष्ट्रात तर प्रश्नच येत नाही. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला.)

टेबलाशी आलात की चालू फेरी संपू द्या. मग नोटा डीलरच्या हातात न देता टेबलावर ठेवा. तो हात पुढे करत नाही म्हणून रागावू नका, त्याला हातातून पैसे घ्यायची परवानगीच नसते. तो नोटा कॅमेऱ्याला दिसतील अशा पसरून मोजतो आणि बदल्यात एका रंगाच्या चिप्स देतो. तो रंग त्या टेबलावर फक्त तुमचा. एकाच आकड्यावर पाच जणांनी चिप्स रचल्या तरी कोणाचं काय हे रंगावरून कळतं. त्यामुळे दुसऱ्याच्या चिपवर आपली चिप ठेवायला काहीच हरकत नाही, पण त्याची चिप सरकवायची नाही. आपल्या मित्राला ‘यातल्या चार घे’ म्हणून रंगीत चिप्स द्यायच्या नाहीत. लांबच्या आकड्यापर्यंत हात पोचत नसेल तर लोकांच्या अंगावरून वाकू नका. चिप डीलरकडे सरकवा आणि आकडा सांगा, तो ठेवतो.

चिप कुठे ठेवली यावरच बेट काय हे ठरतं. आकड्याच्या मधोमध ठेवली तर एकच आकडा, दोन आकड्यांमधल्या रेषेवर ठेवली तर दोन, चार घरं जिथे भेटतात त्या कोपऱ्यावर ठेवली तर चार. बाहेरच्या बाजूला लाल-काळा, सम-विषम, बारा-बाराचे गट. भाव पाठ करायची गरज नाही. तुमच्या बेटमध्ये जितके आकडे येतात त्याने ३६ ला भागा आणि एक वजा करा. एका आकड्याला ३५ पट, दोनला १७, चारला ८, बाराला २, अठराला १. म्हणजे भाव असा ठरवलाय की जणू चाकावर ३६ च कप्पे आहेत. असतात ३७, कारण हिरवा शून्य. कॅसिनोची सगळी कमाई त्या एका कप्प्यातून येते: १/३७, म्हणजे २.७ टक्के. अमेरिकन चाकावर दोन हिरवे कप्पे असतात (० आणि ००), तिथे हाच वाटा ५.२६ टक्के होतो. त्यामुळे बसायच्या आधी हिरवे कप्पे मोजा. ‘काय लावायचं’ याचं उत्तर इथेच संपलं: एका शून्याच्या चाकावर सरासरीच्या हिशेबात सगळी बेट्स सारखीच वाईट आहेत. दोन शून्यांच्या चाकावरचं ०, ००, १, २, ३ हे पाच आकड्यांचं बेट तेवढं आणखी वाईट, ७.८९ टक्के.

आता मुख्य मुद्दा. डीलर चाक एका दिशेने फिरवतो आणि बॉल उलट दिशेने सोडतो. गंमत अशी की बॉल सुटल्यावरही काही सेकंद तुम्ही पैसे लावू शकता. मग डीलर टेबलावरून हात फिरवतो आणि म्हणतो, ‘नो मोअर बेट्स’. मोंटे कार्लोत हेच फ्रेंचमध्ये ‘रिएन न वा प्लू’. त्यानंतर चिपला हात लावायचा नाही. ठेवायचीही नाही, उचलायचीही नाही.

त्या काही सेकंदांत काय घडत असतं? बॉल वरच्या कडेला टेकून फिरतो आणि घर्षणाने हळूहळू मंदावतो. एका ठराविक वेगाखाली तो कडेला टिकू शकत नाही आणि उतारावरून खाली येतो. हा भाग अगदी शहाण्यासारखा वागतो. बॉलचा आणि चाकाचा वेग कळला तर तो कडा केव्हा सोडेल आणि त्या वेळी चाकाचा कोणता भाग त्याच्याखाली असेल, हे काढता येतं. त्यापुढे मात्र धांदल. वाटेत धातूचे छोटे उंचवटे असतात, बॉल त्यांवर आपटतो, कप्प्यांच्या भिंतींवर उड्या मारतो. इथे सुरुवातीचा बारीकसा फरक शेवटी मोठा होतो. म्हणून नेमका कप्पा सांगता येत नाही, पण चाकाचा कोणता भाग हे अंदाजाने सांगता येतं. आणि कॅसिनोचा वाटा फक्त २.७ टक्के असताना तेवढा अंदाज भरपूर झाला.

हे नुसतं कागदावरचं नाही. १९६१ मध्ये गणितज्ञ एडवर्ड थॉर्प आणि इन्फर्मेशन थिअरीचे जनक क्लॉड शॅनन यांनी सिगारेटच्या पाकिटाएवढा कॉम्प्युटर बनवून लास वेगासमध्ये नेला. बुटातल्या स्विचवर पायाच्या अंगठ्याने वेळ नोंदवायची आणि चाकाचा कोणता आठवा भाग ते कानात सुरांमधून ऐकायचं. कानाकडे जाणाऱ्या बारीक तारा सारख्या तुटत, म्हणून मोठा खेळ झालाच नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सांताक्रूझच्या डॉइन फार्मर, नॉर्मन पॅकार्ड आणि मित्रांनी बुटातच कॉम्प्युटर बसवला. ते तेव्हा फिजिक्सचे पीएचडी विद्यार्थी होते. (माझ्या गाईडपर्यंत हा परिच्छेद पोचू देऊ नका.) १९८५ मध्ये नेवाडा राज्याने अशा उपकरणांवर कायद्यानेच बंदी आणली. लंडनच्या रिट्झ कॅसिनोत २००४ मध्ये तिघांनी सुमारे १३ लाख पौंड जिंकले. मोबाइलमध्ये लेझर लपवून बॉलचा वेग मोजल्याचा संशय होता. चौकशी झाली, पण गुन्हा दाखल झाला नाही आणि पैसे त्यांच्याकडेच राहिले.

मायकेल स्मॉल आणि ची काँग त्से यांचा २०१२ चा पेपर ‘केऑस’ या जर्नलमध्ये आहे. त्यांनी वर सांगितलेलंच मॉडेल मांडून खऱ्या चाकावर तपासलं. सुरुवातीची स्थिती मोजता आली तर उणे २.७ टक्क्यांच्या जागी किमान अधिक १८ टक्के परतावा निघतो, असा त्यांचा निष्कर्ष. टेबल किंचित कललेलं असेल तर अंदाज आणखी सोपा होतो, हेही त्यात आहे. तेव्हा टेबलाशी फोन काढल्यावर कोणी दटावलं तर अपमान वाटून घेऊ नका.

बॉल पडला की डीलर जिंकलेल्या आकड्यावर एक छोटी बाहुली ठेवतो, तिला डॉली म्हणतात. हरलेल्या चिप्स ओढून घेतो, मग जिंकलेल्यांचे पैसे देतो. डॉली टेबलावर आहे तोवर कोणीही काहीही ठेवायचं नाही. निकाल लागल्यावर गुपचूप चिप सरकवणं ही सगळ्यात जुनी चोरी, तिला कॉम्प्युटर लागत नाही. नवखे लोक पैसे मिळाल्याच्या आनंदात इथेच हात घालतात आणि चार जण ओरडतात. डॉली उचलली की आपली जिंकलेली चिप बघा. एका आकड्यावर जिंकलात तर ३५ चिप्स तुमच्याकडे येतात, पण मूळची चिप सहसा तिथेच राहते. उचलली नाहीत तर ती पुढच्या फेरीत खेळते. लाल-काळ्यावरही तसंच.

टेबलाजवळच्या बोर्डावर मागचे आकडे झळकत असतात, त्याकडे निव्वळ करमणूक म्हणून बघा. १८ ऑगस्ट १९१३ ला मोंटे कार्लोत सलग २६ वेळा काळा आला आणि ‘आता लाल येणारच’ म्हणत लोकांनी लाखो फ्रँक घालवले. बोर्डापेक्षा स्वतःचा अनुभव जास्त फसवतो. समजा तुम्ही एकाच आकड्यावर सलग ३५ फेऱ्या दरवेळी १०० रुपये लावले. एकदा जरी तो आकडा आला तरी तुम्ही किमान १०० रुपयांनी पुढे. तो एकदाही न येण्याची शक्यता म्हणजे ३६/३७ चा पस्तिसावा घात, सुमारे ३८ टक्के. म्हणजे असं खेळून उठलेल्या शंभरातले साधारण ६२ जण फायद्यात! ते घरी येऊन प्रामाणिकपणे सांगतील की मी तर जिंकलो. उरलेल्या ३८ जणांचे मात्र प्रत्येकी ३,५०० गेलेले असतात आणि ते सहसा काही सांगत नाहीत. सगळ्यांची सरासरी काढली तर माणशी साधारण ९५ रुपये तोटा. आणि ३५ च्या जागी ३६ फेऱ्या खेळलात, तर एकदा आकडा येऊन हिशेब शून्यावर येतो.

यात टॅक्स धरलेला नाही. चिप्स घेताना भरलेल्या रकमेवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के आहे. त्यापुढे २.७ टक्के म्हणजे किरकोळच. तिकिटाबरोबर मिळणाऱ्या चिप्सही रोखीत बदलता येतात की फक्त खेळायला चालतात, हे दारातच विचारून घ्या.

उठताना रंगीत चिप्स खिशात घालू नका. त्या टेबलाबाहेर त्यांना काही किंमत नसते, कॅशिअर घेणार नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये, डॉली उचललेली असताना, सगळ्या चिप्स डीलरकडे सरकवा. तो मोजून नेहमीच्या किंमत छापलेल्या चिप्स देतो, त्या घेऊन खिडकीवर जायचं.