घरात व्हिनाईल टाकताय? डिझाईनच्या आधी जमिनीची ओल बघा. कोणत्या खोलीत चालतं, कुठं नाही?

घरात कार्य निघालं की पहिला खर्च रंगाचा आणि दुसरा फरशीचा. जुनी शहाबादी उखडून टाईल्स बसवायच्या म्हटलं तर गवंडी, वाळू, सिमेंट आणि आठ-पंधरा दिवस संसार बाहेर. त्यापेक्षा तालुक्याच्या दुकानातून लाकडाच्या डिझाईनचा रोल आणला की एका दिवसात खोली नवी दिसते. म्हणूनच गावागावांत व्हिनाईल फ्लोअरिंग, म्हणजे लोकांच्या बोलण्यातलं ‘पीव्हीसी कार्पेट’, वाढत चाललं आहे.

पण बहुतेक घरांत हे काम उन्हाळ्यात, लग्नसराईत होतं. तेव्हा जमीन कोरडी असते. पहिला पावसाळा आला की रोल कुठं फुगतो, कुठं जोड सुटतो, खोलीत कुबट वास सुटतो. दोष मालाचाच असतो असं नाही. बऱ्याचदा चुकीच्या जमिनीवर किंवा चुकीच्या खोलीत तो टाकलेला असतो.

व्हिनाईल म्हणजे नेमकं काय?

व्हिनाईल हे पीव्हीसी प्लास्टिकच. खाली आधाराचा थर, त्यावर छापलेलं डिझाईन आणि सगळ्यात वर पारदर्शक थर. बाजारात ते मुख्यतः तीन प्रकारात मिळतं.

१) रोल : सगळ्यात स्वस्त आणि टाकायला सोपा. रुंदी बहुधा २ मीटर, म्हणजे सुमारे साडेसहा फूट.

२) चिकटवायच्या पट्ट्या : लाकडी फळीसारख्या दिसतात. एखादी खराब झाली तर तेवढीच बदलता येते.

३) एसपीसी : यात प्लास्टिकबरोबर चुनखडीची पूड असते. पट्टी कडक असते आणि एकात एक अडकवून बसवतात. गम लागत नाही, पण जमीन सपाट लागते. तिन्हींत महाग प्रकार हाच.

दुकानात ‘दोन एमएमचा माल आहे’ असं सांगतात. ती सगळी जाडी मिळून असते. माल किती टिकणार हे वरच्या पारदर्शक थरावर ठरतं. तो झिजला की डिझाईन गेलं, मग खाली कितीही जाडी असो. म्हणून हा वरचा थर किती, हे वेगळं विचारा. झोपायच्या खोलीला ०.२ मिलिमीटर चालून जातो. वर्दळीच्या खोलीत ०.३ किंवा त्याहून जास्त घ्यावा.

आधी ओलीची परीक्षा

जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर बहुधा नसतो. जमिनीतली ओल वर येते. शहाबादीच्या सांध्यांतून ती हळूहळू उडून जाते, म्हणून आपल्याला कळत नाही. वर प्लास्टिक अंथरलं की तिची वाट बंद होते आणि ती खालीच कोंडते. मग गम सुटतो, बुरशी धरते.

ओल आहे की नाही हे घरच्या घरी, फुकटात बघता येतं. पारदर्शक प्लास्टिकचा दोन बाय दोन फुटांचा तुकडा घ्या. फरशी झाडून-पुसून पूर्ण वाळू द्या. तुकडा अंथरून चारही कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करा. एक दिवस-एक रात्र तसाच ठेवा. उघडल्यावर प्लास्टिकला आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा खालची फरशी काळपट पडली, तर ओल आहे. ही परीक्षा खोलीच्या मध्ये, बाहेरच्या भिंतीजवळ आणि मोरीच्या भिंतीजवळ अशी तीन ठिकाणी करा. पावसाळ्यात किंवा पाऊस उघडल्यावर केली तर सगळ्यात चांगलं, कारण मे महिन्यात कोरडी निघालेली जमीन ऑगस्टमध्ये कोरडी राहीलच असं नाही.

ओल निघाली तर आधी कारण शोधा. पागोळ्यांचं पाणी भिंतीशी साचतंय का, मोरीचा पाईप गळतोय का, बाहेरची माती घरातल्या फरशीपेक्षा उंच झाली आहे का? कारण दूर होत नसेल तर व्हिनाईलचा नाद सोडलेला बरा. तिथं शहाबादीला पॉलिश करून घ्या किंवा पुढं-मागं टाईल्स बसवा.

शेणानं सारवलेल्या जमिनीवर तर व्हिनाईल टाकूच नका. खाली ओल, वाळवी आणि सुटलेल्या कडांखाली विंचू-गोम लपायला जागा, असं सगळं होतं. नवीन कोबा केला असेल तर तोही पुरता वाळू द्या. वरून पांढरा दिसला म्हणजे आतून वाळला असं नसतं. त्यावरही प्लास्टिकची हीच परीक्षा करून बघा.

कोणत्या खोलीत काय?

झोपायची खोली : व्हिनाईलला सगळ्यात योग्य जागा. वर्दळ कमी, पाणी नाही, आग नाही. थंडीत शहाबादीसारखी पायाला गार लागत नाही. साधा रोलही चालतो. लोखंडी कपाट आणि दिवाणाच्या पायाखाली लाकडाचा चपटा तुकडा द्या, नाहीतर खड्डे पडतात. रबराचं पायपुसणं किंवा रबरी बूच मात्र ठेवू नका. रबराचा पिवळा डाग पडतो आणि तो निघत नाही.

म्हाताऱ्या माणसांची खोली : इथं डिझाईन नव्हे, घसरण बघायची. गुळगुळीत, चकचकीत माल घेऊ नका. हाताला खरखरीत लागेल असा घ्या. नुसता अंथरलेला रोल इथं नकोच. त्याची कड वळते आणि रात्री लघवीला उठलेल्या माणसाचा पाय तिच्यात अडकतो. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतो. रोल पूर्ण चिकटवून घ्या आणि उंबऱ्याजवळच्या कडेला पट्टी मारा.

सोपा, बैठकीची खोली : चपलांची माती आणि खडे इथंच येतात, म्हणून वरचा थर जाड हवा. बऱ्याच घरांत रात्री मोटारसायकल सोप्यात घेतात. तसं असेल तर तिथं व्हिनाईल टाकू नका. स्टँडनं भोक पडतं, टायरचे काळे डाग पडतात. पश्चिमेच्या दारातून दुपारचं ऊन थेट येत असेल तर तेवढ्या भागाचा रंगही उडतो.

स्वयंपाकघर : फक्त गॅस असेल आणि ओटा उभा असेल तर चालतं. पण गरम पातेलं किंवा तवा जमिनीवर ठेवायची सवय असेल तर एकाच दिवसात डाग पडेल. चूल असेल तिथं अजिबात नको. ठिणगी किंवा निखारा पडला की प्लास्टिक वितळतं आणि त्याचा धूर घातक असतो. खलबत्त्यानं कांडणं होत असेल तर तेवढी जागा मोकळी सोडा.

देवघर : समई, निरांजन, कापूर, अगरबत्ती, सगळा कारभार आगीचा. देव्हाऱ्यासमोर फरशीच ठेवा. दिवाळीच्या पणत्याही व्हिनाईलवर ठेवू नका.

न्हाणी, मोरी, संडास : रोल नको. साबणाच्या पाण्यानं घसरतं आणि कडेनं पाणी खाली शिरतं. इथं खरखरीत टाईल्सच बऱ्या.

धान्य-खताची खोली, पडवी, ओटा : पैसे वाया घालवू नका. पोत्यांची ओढाताण, उंदीर, ऊन आणि पाऊस यांत ते टिकत नाही.

माप घेताना पैसे वाचवा

समजा खोली १० बाय १२ फुटांची आहे आणि रोल साडेसहा फूट रुंद. पट्ट्या १२ फुटी बाजूनं टाकल्या तर भिंतीलगत कापायला सहा इंच जादा धरून साडेबारा फुटांच्या दोन लागतात. म्हणजे २५ फूट लांबी, सुमारे १६२ चौरस फूट माल. त्याच पट्ट्या १० फुटी बाजूनं टाकल्या तर साडेदहा फुटांच्या दोन पुरतात. म्हणजे २१ फूट लांबी, सुमारे १३६ चौरस फूट. खोली तीच, पण २६ चौरस फुटांचा फरक. म्हणून दुकानात जाताना नुसतं ‘एकशेवीस फुटी खोली’ असं न सांगता कागदावर लांबी-रुंदी आणि दारं काढून न्या.

घेताना आणि टाकताना

घेण्याआधी एक तुकडा नमुना म्हणून घरी आणा. त्यावर हळद-तेलाचा थेंब रात्रभर ठेवा आणि सकाळी साबणानं पुसा. किल्लीनं ओरखडा मारून बघा. नाकाशी धरा, उग्र वास येत असेल तर लहान मुलांच्या खोलीत तो माल नको.

रोल आणल्यावर लगेच चिकटवू नका. त्याच खोलीत एक दिवस उलगडून ठेवा, म्हणजे घड्या बसतात. फरशीचे सांधे आणि खड्डे आधी भरून घ्या, नाहीतर ते पातळ रोलवरून दिसतात. गम लावताना दारं-खिडक्या उघड्या ठेवा. बऱ्याच गमांची वाफ पेट घेते, त्यामुळं चूल, गॅस, बिडी-काडी बंद ठेवा.

उरलेले तुकडे बंबात किंवा चुलीत घालू नका. पीव्हीसी जळाला की त्यातून आम्लासारखा वायू निघतो. डोळे आणि घसा जळतो, लहान मुलांना आणि दम्याच्या माणसांना जास्त त्रास होतो.

रोज ओल्या फडक्यानं पुसलं तरी पुरतं. ॲसिड आणि तारेची घासणी वापरू नका.

पक्कं बिल घ्या. त्यावर एकूण जाडी, वरच्या थराची जाडी आणि वॉरंटी लिहून घ्या. सांगितलं एक आणि दिलं दुसरंच असं झालं, आणि दुकानदारानं दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. मात्र त्यासाठी बिल हातात पाहिजे.

सगळ्या घराला एकदम टाकण्यापेक्षा आधी एकच झोपायची खोली करा. एक पावसाळा जाऊ द्या. फुगलं नाही, वास आला नाही, तर मग पुढच्या खोलीचं माप घ्या.