साठवलेलं आठवतं कसं? एआय एजंटची स्मृती आणि नैयायिकांचा ‘उद्बोधक’

गेल्या वेळी आपण माहिती आणि ज्ञान यांतला फरक पाहिला. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की ही एआयची यंत्रं आपल्याबद्दलच्या गोष्टी ‘लक्षात ठेवतात’ म्हणजे नेमकं काय करतात? आज तोच प्रश्न घेऊ.

पहिली गोष्ट अशी, की भाषेचं मॉडेल स्वतःहून कालचं बोलणं लक्षात ठेवत नाही. प्रशिक्षणात जे मुरलं ते मुरलं. त्यापलीकडे, उत्तर देताना त्याच्यासमोर जेवढा मजकूर असेल तेवढंच त्याचं जग. या मजकुराच्या मर्यादेला ‘कॉन्टेक्स्ट विंडो’ म्हणतात, आपण खिडकी म्हणू. खिडकीबाहेरचं त्याला दिसत नाही. एजंट म्हणजे असं मॉडेल, ज्याच्या हाती काही साधनं, टूल्स, दिलेली आहेत आणि जे एकामागून एक पावलं टाकत काम पार पाडतं. त्याला जुनं आठवायला हवं, तर आठवणी बाहेर कुठेतरी, फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये, ठेवाव्या लागतात आणि त्या आणून देणारं एक टूल त्याला द्यावं लागतं.

हे टूल काम कसं करतं? मॉडेल स्वतः कपाट उघडत नाही. ते फक्त एक चिठ्ठी लिहितं: ‘अमुक विषयाच्या नोंदी आण.’ सॉफ्टवेअर ती चिठ्ठी घेतं, नोंदी चाळतं, जुळणाऱ्या पाच-दहा निवडतं आणि खिडकीत आणून ठेवतं. मॉडेल त्या वाचतं आणि पुढे बोलतं. जुळवणी दोन प्रकारे होते. एक, शब्दाला शब्द जुळवून. दुसरी, अर्थ जुळवून: प्रत्येक नोंदीचं रूपांतर शेकडो-हजारो आकड्यांच्या एका यादीत करतात, आणि अर्थाने जवळ असलेल्या मजकुरांचे आकडेही एकमेकांजवळ पडतात. प्रश्नाचेही असेच आकडे काढायचे आणि सर्वांत जवळच्या नोंदी उचलायच्या.

आता इथे आपल्याकडचे नैयायिक आठवतात. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त ज्ञानाचे दोन भाग केले आहेत, अनुभव आणि स्मृती. अनुभवाचा ठसा मागे राहतो, तो संस्कार. आणि केवळ संस्कारातून जे ज्ञान उपजतं, ती स्मृती. पण संस्कार तर आपल्यात सदैव असतात, मग सगळं एकदम का आठवत नाही? उत्तर असं, की संस्कार जागा करणारं काहीतरी लागतं. त्याला ‘उद्बोधक’ म्हणतात. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात स्मृतीच्या अशा निमित्तांची मोठी यादीच आहे, वीसहून अधिक. त्यात सादृश्य आहे, पण तेवढंच नाही. लक्ष एकाग्र करणं आहे, अभ्यास आहे, एकामागून एक येणं आहे, विरोध आहे, वियोग आहे, सुख, दुःख आणि भयसुद्धा आहे.

आपला आजचा मुद्दा एवढाच आहे, की अर्थ जुळवणाऱ्या टूलकडे मुख्यतः एकच उद्बोधक असतो, तो म्हणजे सादृश्य.

याने काय बिघडतं? समजा, घरातल्या आजींच्या औषधपाण्याची नोंद ठेवायला एक एजंट आहे. दोन वर्षांपूर्वीची एक नोंद आहे: ‘पेनिसिलिनने अंगावर गांधी उठल्या, डॉक्टरांनी पुन्हा देऊ नका म्हणून सांगितलं.’ शिवाय घसा, खोकला, गुळण्या, काढा यांच्या वीस-पंचवीस नोंदी आहेत. नात विचारते, ‘आजीचा घसा दुखतोय, ताप आहे, घरात अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या आहेत, देऊ का?’ अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच कुळातलं औषध. पण शब्द जुळवणाऱ्याला दोन्ही नावं वेगळी दिसतात. आणि अर्थ जुळवणारा घशाच्या नोंदी वर काढील. गांधींची नोंद अकराव्या क्रमांकावर राहिली आणि टूलने दहाच आणल्या, तर मॉडेलच्या लेखी ती नाहीच. ती रात्र जिने जागून काढली त्या सुनेला मात्र गोळीचं नुसतं पाकीट पाहूनही ते आठवेल. तिथे उद्बोधक आहे भय. नोंद दोन्हीकडे आहे. जाग एकीकडेच आली.

ही अडचण संशोधकांनाही ठाऊक आहे. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड आणि गूगलच्या संशोधकांनी ‘स्मॉलव्हिल’ नावाचं एक काल्पनिक गाव उभं केलं, त्यात २५ एजंट. आठवण निवडताना त्यांनी तीन गोष्टींचे गुण एकत्र केले: आठवण किती ताजी, किती महत्त्वाची आणि आत्ताच्या प्रसंगाशी किती संबंधित. महत्त्व १ ते १० मध्ये मॉडेलनेच ठरवायचं. दात घासणं तळाशी, ताटातूट वर. म्हणजे सादृश्याला त्यांनी आणखी दोन उद्बोधकांची जोड दिली. तरीही चुका झाल्याच. एका पात्राने एका उमेदवारीबद्दल ऐकलेलं होतं, पण विचारल्यावर ते म्हणालं, की निवडणुकीकडे आपलं फारसं लक्ष नाही. साठवलेलं होतं, आठवलं नाही.

त्याच वर्षी बर्कलीच्या संशोधकांनी ‘मेमजीपीटी’ मांडलं. त्यात थोड्या आठवणी कायम खिडकीतच राहतात; बाकीच्या बाहेर, लागतील तेव्हा टूलने आणायच्या. आजींची अ‍ॅलर्जी या पहिल्या गटात हवी. जी गोष्ट विसरली तर जीवावर बेतेल, ती शोधाच्या भरवशावर ठेवायची नाही.

आता दुसरी बाजू. आठवण बरोबर आली, पण ती खरी आहे का? नैयायिक स्मृतीला प्रमा, म्हणजे स्वतंत्र प्रमाणभूत ज्ञान, मानत नाहीत. मूळ अनुभव यथार्थ असेल तर स्मृती यथार्थ; नसेल तर नाही. तिचं खरेपण उसनं असतं. समजा, आजी एकादशीला शिरा नको म्हणाल्या आणि एजंटने लिहून ठेवलं, ‘आजींना शिरा आवडत नाही.’ पुढे वर्षभर ही नोंद अगदी अचूक शोधली जाईल आणि दर वेळी चुकीचंच सांगेल! टूलने आपलं काम चोख केलं. अनुभव आणि अनुमान यांची सरमिसळ नोंद करतानाच झाली होती.

म्हणून असं साधन वापरताना आपण तीन प्रश्न विचारावेत. ही नोंद कुणी सांगितली, की यंत्राने अनुमान काढलं? ती कधीची आहे, आणि तिला खोडणारी नवी नोंद आहे का? आणि कोणत्या गोष्टी न शोधताही समोर असायला हव्यात? या तीन प्रश्नांची उत्तरं यंत्राकडे आपोआप येत नाहीत, ती कुणीतरी माणसाने आधी ठरवावी लागतात. घरातल्या औषधांच्या बाबतीत तो माणूस आपणच.

हे सगळं पाहिल्यावर ‘यंत्राच्या सगळं लक्षात असतं’ हे वाक्य आपण जरा जपून वापरू. त्याच्याकडे सगळं असू शकतं. लक्षात मात्र तेवढंच येतं, जेवढं कुणीतरी जागं केलं.

पुढच्या व्याख्यानात विस्मरणाकडे वळू: यंत्राने काय विसरावं, आणि ते कुणी ठरवावं? प्रश्न जरूर पाठवा.