सूक्ष्मदर्शकातून माळशिरसला

मनीषा गुप्ते यांचं पदव्युत्तर शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्रातलं. पण त्यांचं नाव झालं ते पुरंदर तालुक्यातल्या माळशिरस परिसरातल्या कामामुळे. 1987 साली त्यांनी आणि रमेश अवस्थी यांनी तिथे ‘मासूम’, म्हणजे महिला सर्वांगीण उत्कर्ष मंडळ, सुरू केलं.

गर्भलिंग निदानाविरोधात मोहीम पेटली होती, तो हा काळ. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने त्याविरोधात कायदा केला. देशपातळीवरचा कायदा यायला मात्र 1994 उजाडलं!

गुप्ते यांचं संशोधन बायकांशी बसून बोलण्यातून उभं राहिलं. सुनीता बांदेवार आणि हेमलता पिसाळ यांच्यासह केलेला गर्भपाताविषयीचा अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. नोंदींत न सापडणाऱ्या गोष्टी अशा बोलण्यातूनच कळतात; नवऱ्याच्या सहीचंच उदाहरण घ्या. सज्ञान बाईच्या गर्भपाताला 1971 चा कायदा फक्त तिचीच संमती मागतो. दवाखान्यात मात्र नवऱ्याची सही आणायला सांगत. ज्याच्यापासून ही गोष्ट लपवायची, त्याच्याकडेच कागद घेऊन जायचं. घरातल्या धाकाचा हा प्रकार मारहाणीच्या नोंदीत कुठून येणार?

ग्रामीण महाराष्ट्रातली इज्जत, जात आणि पुरुषसत्ता यांवरचा त्यांचा लेख 2013 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला.