बाळाचे लंगोट, घरची काटकसर आणि वैद्याचे कर्तव्य

घरात मूल जन्मास आले की आनंदाच्या पाठोपाठ खर्चाची एक लांबलचक यादीही दारात येते. डायपर, ओली पुसणी, बेबी पावडर, सुगंधी तेल, बाळाचे कपडे धुण्याचे स्वतंत्र द्रावण, डास पळवणारे यंत्र अशी ही यादी वाढतच जाते. मोजक्या पगारावर संसार चालवणारी तरुण जोडपी मग आपल्याकडे येऊन दोन प्रश्न विचारतात. हे सगळे विकत घेतलेच पाहिजे का? आणि घरी केले तर चालेल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. बहुतेक वस्तूंवाचून बाळाचे काहीही अडत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र तितके सरळ नाही. जे घरगुती ते निर्धोक, अशी एक समजूत समाजात दृढ झाली आहे आणि आयुर्वेदाच्या नावाने तिला बळ मिळते. म्हणूनच काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, याचा विवेक आपल्या व्यवसायाने लोकांसमोर ठेवणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखाचा तेवढाच हेतू आहे.

चरकोक्त दंडक

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात कुमारागाराचे वर्णन आहे. तेथे बाळाची शय्या, आसन, अंथरूण, पांघरूण कसे असावे हे सांगताना मार्दव, हलकेपणा, स्वच्छता आणि सुगंध या गुणांचा उल्लेख येतो. घाम, मळ, जंतू किंवा मलमूत्र यांनी दूषित झालेली वस्त्रे टाकून द्यावीत, असा आचार्यांचा आदेश आहे. पण आचार्य तेथेच थांबत नाहीत. दुसरी वस्त्रे मिळणे शक्य नसेल, तर तीच वस्त्रे उत्तम धुऊन, धूपित करून, निर्मळ व कोरडी झाल्यावर पुन्हा वापरावीत, अशी सवलतही ते देतात.

या सवलतीत फार मोठे व्यवहारज्ञान आहे. ज्याच्यापाशी नवे वस्त्र नाही, त्याच्या बाळाचाही विचार शास्त्राने केला आहे. मात्र सवलतीबरोबर अटी घातल्या आहेत. पुनर्वापर मान्य, परंतु धुणे, धूपन, शुद्धी आणि शुष्कता यांत तडजोड नाही. बाळाच्या बाबतीतील काटकसरीस आजही हाच दंडक लावावा, असे मला वाटते.

एक साधा हिशेब

उदाहरणादाखल एक डायपर दहा रुपयांना पडतो आणि दिवसाला पाच लागतात असे धरू. वर्षाचा खर्च १८,२५० रुपये होतो. आता दुसरी व्यवस्था पाहू. दिवसा सुती लंगोट आणि रात्री एकच डायपर. रात्रीच्या डायपरचे वर्षाला ३,६५० रुपये, पन्नास रुपयांचा एक याप्रमाणे तीस लंगोटांचे १,५०० रुपये आणि साबण, इंधन यांसाठी महिना दीडशे रुपयांप्रमाणे १,८०० रुपये. एकूण ६,९५० रुपये. म्हणजे पहिल्याच वर्षी ११,३०० रुपये वाचतात आणि लंगोट धाकट्या भावंडासाठी उरतात. वाचकांनी आपापल्या गावचे भाव घालून हा हिशेब मांडावा आणि कागदावर लिहूनच पालकांच्या हाती द्यावा. बोहारणीकडे जाणारी मऊ सुती लुगडी व धोतरे फाडून बाळोती, दुपटी केली, तर लंगोटांचा खर्चही बराच खाली येतो. ओल्या पुसण्यांऐवजी कोमट पाण्यात भिजवून पिळलेले सुती फडके पुरते.

या हिशेबात एक रकाना नेहमी रिकामा राहतो. तो म्हणजे धुणाऱ्या हातांचा. वाचलेले पैसे जर ओल्या बाळंतिणीच्या पाठीतून वसूल होणार असतील, तर ती काटकसर नव्हे. सल्ला देताना लंगोट कोण धुणार हे वैद्याने स्पष्ट विचारावे आणि बाळाच्या वडिलांकडे पाहून विचारावे. प्रवासात, आजारपणात किंवा पाणीटंचाईच्या दिवसांत डायपर वापरणाऱ्या मातेस दोष देण्याचेही कारण नाही.

लंगोटाचा आणखी एक लाभ आपल्या चिकित्सेशी निगडित आहे. जन्मानंतर साधारण पाचव्या दिवसापासून दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा लघवी होणे, हे बाळास दूध पुरत असल्याचे सोपे लक्षण आहे. लंगोट भिजला की मातेस ते तत्काळ कळते व मोजता येते. डायपरमधील द्रव शोषणारे सोडियम पॉलिअॅक्रिलेट ओलावा लपवते, त्यामुळे ही मोजणी अवघड होते.

शिवाय वापरलेला डायपर घराबाहेर गेला तरी नाहीसा होत नाही. कोणीतरी तो हाताने वेगळा करते. २०१३ साली पुण्यातील कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने वापरलेली सॅनिटरी पॅड उत्पादक कंपन्यांना परत पाठवून या वेदनेकडे लक्ष वेधले होते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी असा कचरा गुंडाळून देण्याचे बंधन घातले आणि त्यासाठी पाकीट वा वेष्टन पुरवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली.

धुणे आणि वाळवणे

लंगोटाने पुरळ येते, ही तक्रार आपण सारेच ऐकतो. बहुधा दोष लंगोटाचा नसून धुण्याचा असतो. शौच शौचालयात टाकून लंगोट आधी गार पाण्यात खळबळावा, मग साबण व गरम पाण्याने धुवावा आणि साबणाचा अंश राहणार नाही इतक्या वेळा स्वच्छ पाण्यातून काढावा. कपडे मऊ व सुगंधी करणारे द्रावण वापरू नये. त्याने कापडाची शोषणशक्ती कमी होते. बाळास अतिसार असल्यास किंवा घरात कोणास गजकर्ण असल्यास लंगोट वेगळे धुऊन दहा मिनिटे उकळावेत.

घरगुती द्रावणांत रिठा उत्तम. दहा-बारा रिठ्यांच्या बिया काढून साली लिटरभर पाण्यात रात्री भिजत घालाव्यात, सकाळी दहा मिनिटे उकळून गाळून घ्याव्यात. या पाण्यात सॅपोनिन असल्याने फेस होतो व मळ सुटतो. ते टिकाऊ नाही, म्हणून दोन-तीन दिवसांपुरतेच करावे. डोळ्यांत गेल्यास फार झोंबते, त्यामुळे मुलांच्या हाती लागू देऊ नये. रिठ्याचे पाणी मळ काढते, जंतुनाशकाचे काम करते असे मात्र सांगू नये. ते काम उकळते पाणी, कडक ऊन आणि गरम इस्त्री यांचे.

खरी परीक्षा पावसाळ्यात होते. कोकणात आषाढ-श्रावणात कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात. अशा वेळी लंगोटांची संख्या दीडपट ठेवावी, ते वाऱ्याखाली वाळवावेत आणि शेवटी इस्त्री फिरवावी. दमट लंगोट बाळास बांधणे म्हणजे आचार्यांची शेवटची अट मोडणे. जांघेच्या घडीत लालभडक पुरळ व भोवती सुटे ठिपके दिसल्यास बुरशीचा संसर्ग समजावा. तेथे पिठे, पावडरी किंवा तेले थापण्यात वेळ न दवडता रीतसर चिकित्सा करावी.

धुरी कोणाला?

महाराष्ट्रातील घराघरांत बाळाला न्हाऊ घातल्यावर शेगडीवर ओवा, ऊद, वावडिंग टाकून धुरी देतात. चरकसंहितेत याच प्रकरणी यव, सर्षप, अतसी, हिंगू, गुग्गुळ, वचा आदी द्रव्ये तुपासह सांगितली आहेत. पण ती कशासाठी? वस्त्रे, शय्या, अंथरूण आणि पांघरूण यांच्या धूपनासाठी. काश्यपसंहितेच्या धूपकल्पात बालरोगांसाठी निरनिराळे धूप आले आहेत. त्यांची योजना वैद्याने व्याधी पाहून करायची आहे. निरोगी तान्ह्याला रोज बंद खोलीत धुरात धरण्यास चरकोक्त वस्त्रधूपनाचा आधार घेता येत नाही.

धुराने बाळाचा श्वासमार्ग क्षुब्ध होतो. बंद खोलीतील कोळशाच्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होऊन माता व बाळ दोघांच्याही जिवास धोका संभवतो. म्हणून धूपन करायचेच असेल, तर धुऊन वाळलेल्या वस्त्रांचे करावे. त्या वेळी बाळ त्या खोलीत नसावे आणि नंतर दारे-खिडक्या उघडून धूर पूर्ण जाऊ द्यावा.

पेटीतले कपडे आणि जुना पाळणा

थोरल्या भावंडाची झबली, टोपडी, कुंच्या जपून ठेवणे ही आपली सुंदर रीत आहे. मात्र त्या पेटीत पुष्कळदा डांबरगोळ्या असतात. त्यांतील नॅप्थलीन कपड्यांतून त्वचेवाटे व श्वासावाटे बाळाच्या शरीरात जाते. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या नवजातास त्यामुळे रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या कधीही ठेवू नयेत. कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाचे तुकडे सुती पुरचुंडीत बांधून ठेवावेत. पेटीतून काढलेले कपडे धुऊन, उन्हात वाळवूनच घालावेत.

जुना रंगीत पाळणाही तपासून घ्यावा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ साली झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगाचे पोपडे निघत असतील, तर तो पाळणा बाळाच्या तोंडापासून दूर ठेवणेच इष्ट. मच्छरदाणी मात्र वर्षानुवर्षे टिकणारी वस्तू आहे. ती घ्यावी आणि यंत्राचा खर्च वाचवावा.

घरगुती, परंतु वर्ज्य

जी वस्तू बाळाच्या बाहेरून वापरायची आणि धुता येते, तेथे काटकसर खुशाल करावी. जी वस्तू डोळ्यांत, नाकात किंवा पोटात जाते, तेथे घरगुती प्रयोग नकोत. ही एक रेषा पालकांना समजली तरी पुरे.

घरी धरलेले काजळ बाळाच्या डोळ्यांत बोटाने घातल्यास जंतुसंसर्ग होऊ शकतो. बाजारातील काही सुरमा-काजळांत शिसे आढळले आहे. डासांसाठी म्हणून कडुनिंबाच्या तेलात कापूर मिसळून ठेवतात. कापूर पोटात गेल्यास बाळास झटके येऊ शकतात आणि कडुनिंबाचे तेल पोटात गेल्याने अर्भकांना झटके आल्याच्या नोंदी १९८० च्या दशकापासून आहेत. ही द्रव्ये तान्ह्याच्या हाती लागणार नाहीत अशीच ठेवावीत.

मधाविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. जातकर्मातील मध-तुपाचे विधान आपण सारे जाणतो. तथापि मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ते रुजून विष निर्माण करू शकतात आणि साध्या उकळण्याने ते नष्ट होत नाहीत. म्हणून एक वर्षापर्यंत मध देऊ नये आणि पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध द्यावे, असेच आपण सांगावे.

बाळगुटीतील वेखंडाचेही तेच. वेखंडाच्या तेलातील बीटा-असारोनमुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९६८ साली त्याच्या खाद्यवापरास मनाई केली. सहाणेवर दिलेल्या वळशांनी मात्रा निश्चित होत नाही. वळसा कोणाचा हलका, कोणाचा जड. वेखंडाची जागा पेटीत आहे, तान्ह्याच्या जिभेवर नाही.

औषधालयाची भूमिका

आमच्या औषधालय चालवणाऱ्या बंधूंच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. लोकांना लंगोट आणि रिठा सांगायचा, तर गल्ला कसा भरायचा? डायपर विकू नयेत असे येथे म्हणणे नाही. परंतु त्याच फळीवर धुतलेल्या सुती कापडाचे लंगोट, बिया काढलेल्या रिठ्याच्या साली, वेखंडाच्या पुरचुंड्या आणि मच्छरदाण्या ठेवता येतात. पाकिटावर द्रव्याचे नाव, वजन, भरल्याचा दिनांक आणि ‘पोटात घेण्यासाठी नाही’ ही सूचना ठळक असावी. अशा वस्तूंवर नफा थोडा, पण ग्राहक वर्षानुवर्षे येत राहतो.

कायद्याचेही भान हवे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधील कलम ३३-ईईसी अन्वये विक्रीसाठी आयुर्वेदीय औषध तयार करण्यास परवाना लागतो. वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी केलेल्या औषधास त्यातून सूट आहे. पण ती सूट रुग्णापुरती आहे, दुकानाच्या फळीपुरती नाही. बाळाचे तेल किंवा उटणे घरी करून बाटल्या भरून विकणाऱ्यांनी हा भेद नीट समजून घ्यावा. तसेच १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांची जाहिरात व प्रसार यांस बंदी आहे. काही कारणाने आईचे दूध काढून पाजावे लागलेच, तर उकळून घेतलेली वाटी व चमचा बाटलीपेक्षा स्वच्छ राखण्यास सोपा आणि खर्चही नाही.

आयुर्वेदाकडे लोक विश्वासाने येतात, त्यात पैशाची ओढ असलेले पुष्कळ असतात. त्यांना महागडी ‘नैसर्गिक’ वस्तू विकणे सोपे आहे आणि घरचे म्हणून काहीही चालेल असे सांगणे त्याहून सोपे आहे. प्रसूतीपूर्वीच्या शेवटच्या भेटीत दहा मिनिटे काढून काय शिवावे, काय धुवावे आणि काय अजिबात करू नये, हे वैद्याने दोन्ही पालकांना समोर बसवून सांगावे. त्या दहा मिनिटांत एका कुटुंबाचे काही हजार रुपये वाचतात आणि एखादे बाळ टळण्याजोग्या आजारापासून वाचते.