मनातली मोजपट्टी

दुसरा आपल्याला कमी लेखतो, ही एक गोष्ट. त्याच्याच मोजपट्टीने आपण स्वतःला आणि आपल्या माणसांना मोजू लागतो, ही वेगळी गोष्ट. पहिलीला आपण वर्णद्वेष म्हणतो. दुसरीला मराठीत रूढ शब्द नाही. लोणच्यात मीठ मुरावे तशी ती मनात मुरते, म्हणून मी तिला 'मुरलेला वर्णद्वेष' म्हणतो. हा विषय आपल्यासमोर मांडताना अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे उदाहरण घेतले आहे. तेथे ही गोष्ट नुसती सांगितली गेली नाही. ती मोजली गेली आणि न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहिली.

केनेथ आणि मेमी क्लार्क हे कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दाम्पत्य. मेमीबाई आर्कान्सा राज्यातल्या हॉट स्प्रिंग्जच्या. लहान मुलांना आपल्या वर्णाची जाणीव कशी होते, हा त्यांच्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय होता. प्रयोगाचे बीज त्यांचेच, पण पुढे नाव झाले ते बहुतांशी पतीचे.

प्रयोग साधा होता. चार बाहुल्या, सगळ्या एकाच साच्यातल्या. दोन तपकिरी, काळ्या केसांच्या. दोन गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. तीन ते सात वर्षांच्या 253 कृष्णवर्णीय मुलांना त्या एकेकट्याने दाखवल्या. यांतली 134 मुले दक्षिणेत फक्त काळ्यांसाठी असलेल्या शाळांतली होती आणि 119 उत्तरेकडच्या मिश्र शाळांतली. खेळायला कोणती हवी, चांगली कोणती, वाईट कोणती दिसते, छान रंगाची कोणती, असे प्रश्न होते. 1947 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात उत्तरे आहेत. खेळायला गोरी बाहुली हवी म्हणणारी मुले 67 टक्के. तपकिरी बाहुली 'वाईट' दिसते म्हणणारी 59 टक्के. सर्वांत शेवटचा प्रश्न होता : तुझ्यासारखी कोणती? तेव्हा 66 टक्के मुलांनी तपकिरी बाहुलीकडे बोट दाखवले.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. जिला क्षणापूर्वी वाईट म्हटले, तिच्याकडेच बोट दाखवून 'ही मी' म्हणण्याची वेळ अनेक मुलांवर आली. काही मुले रडू लागली, काही खोलीबाहेर पळाली. क्लार्क यांनी पुढे एका दक्षिणेकडच्या मुलाची हकिगत सांगितली. तो हसत हसत तपकिरी बाहुलीकडे बोट दाखवून, काळ्यांसाठी वापरला जाणारा हिणकस शब्द स्वतःलाच लावून मोकळा झाला. ते हसणे क्लार्कना रडण्याइतकेच अस्वस्थ करून गेले.

येथे एक समज काढून टाकला पाहिजे. या मुलांना 'न्यूनगंड' होता म्हणून विषय संपत नाही. ती मुले चुकत नव्हती. दुकानातल्या बाहुल्या कोणत्या रंगाच्या, चित्रांच्या पुस्तकातली राजकन्या कशी दिसते, बसमध्ये पुढे कोण बसते आणि मागे कोण, हे सारे चौथ्या-पाचव्या वर्षी त्यांनी बिनचूक वाचले होते. समाजाने शिकवलेला धडा त्यांनी पाठ म्हणून दाखवला, एवढेच. दोष शोधायचा तर धडा लिहिणाऱ्यात शोधावा लागेल.

1951 मध्ये साउथ कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन परगण्याच्या खटल्यासाठी केनेथ क्लार्क तेथल्या 16 मुलांकडे बाहुल्या घेऊन गेले. दहा मुलांना गोरी बाहुली आवडली. अकरांनी तपकिरी बाहुली वाईट ठरवली. हा खटला इतर चार खटल्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 17 मे 1954 रोजी, ब्राऊन खटल्याच्या निकालात, वर्णानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरल्या. निकालपत्राच्या अकराव्या तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे.

पण त्याच निबंधातला एक आकडा गैरसोयीचा होता आणि विरोधकांनी तो सोडला नाही. तपकिरी बाहुलीला वाईट म्हणणारी मुले दक्षिणेत 49 टक्के होती, तर उत्तरेच्या मिश्र शाळांत 71 टक्के. वेगळ्या शाळांनी जखम होते, तर मिश्र शाळांत ती अधिक खोल कशी? माझे उत्तर असे : वेगळी शाळा गरीब होती, अन्यायाने वेगळी होती; पण तेथे फळ्यापाशी उभी असणारी बाई मुलाच्याच रंगाची होती. मिश्र शाळेत मूल रोज गोऱ्या मोजपट्टीशेजारी उभे राहत होते. म्हणजे नुसते शेजारी बसवून भागत नाही. मोजपट्टी कोणाची, हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न निकालात विचारला गेला नाही, आणि त्याची किंमत समाजाने मोजली. एकत्रीकरण सुरू झाल्यावर दक्षिणेत बहुतेक ठिकाणी काळ्यांच्या शाळा बंद पडल्या आणि मुले गोऱ्यांच्या शाळेत गेली. हजारो काळ्या शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलांच्या मनात जखम होती हे मान्य झाले; ती भरून काढू शकणारी माणसेच दूर केली गेली.

मुरलेल्या वर्णद्वेषाचा दुसरा परिणाम समाजाच्या आत दिसतो. काळ्यांमध्येच उजळ आणि सावळे असे थर पडले. रंग उजळणारी मलमे आणि केस सरळ करणारी रसायने यांचा बाजार त्यांच्याच वस्त्यांत उभा राहिला. टोनी मॉरिसन यांच्या 1970 च्या पहिल्या कादंबरीतल्या काळ्या मुलीला निळे डोळे हवे असतात. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी तर 1903 मध्येच लिहून ठेवले होते की काळ्या माणसाला स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या नजरेतून पाहावे लागते.

या ड्यू बॉइसना 1946 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिले होते आणि त्यांचे उत्तरही आले होते. वडोदऱ्याच्या वाचकांना सांगायला नको की बाबासाहेब 1913 मध्ये न्यूयॉर्कला गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. त्याआधी 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. तेव्हा हा विषय मराठीला परका नाही. श्रेणीबद्ध विषमतेचे बाबासाहेबांनी केलेले विवेचनही येथे उपयोगी पडते : प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असले की वरच्याने केलेला अपमान गिळणे सोपे जाते.

तरी तुलना जपून करावी. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा येथे आपल्यातली अनेक घराणी राज्यकर्त्यांबरोबर आली, साखळदंडांत नाही. पुण्याच्या पाहुण्यासमोर आपले हिंदी-गुजराती वळणाचे मराठी बोलताना जीभ अडखळते, हे खरे. पण तो ओरखडा आहे, वर सांगितलेली जखम नव्हे. उलट रंगाच्या आणि जातीच्या बाबतीत मोजपट्टी बहुधा आपल्याच हातात होती. बारशाला आलेली पहिली बाई पाळण्यात डोकावून काय विचारते, ते आपण सर्वांनी ऐकले आहे.

आमच्या घरी दोन बहिणी. धाकटी सावळी. आजी तिला दर रविवारी साय आणि बेसन चोळायची, मायेनेच. गेल्या दिवाळीत जुने फोटो काढून बसलो होतो. मुंजीत, लग्नांत, वास्तुशांतीला, जेथे पाहावे तेथे ही मागच्या रांगेत, अर्धी कोणाच्या तरी खांद्याआड. मी जरा रागानेच म्हटले, "तुला दर वेळी मागे कोण उभे करायचे गं?" ती म्हणाली, "कोणी नाही, दादा. मीच जायचे."